बुद्धिमान डिटेक्टिव्ह आणि माझा टाइप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऐरोली-घणसोलीच्या एखाद्या ऑफिसात एचआरने व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली किंवा ठाण्याच्या कॉलेजांत कुणी मोबाइलवर क्विझ फिरवलं, की आठवड्याभरात आमच्याकडे तेच प्रश्न येऊ लागतात. विचारणाऱ्याला आयएनटीपीसारखी चार अक्षरं, म्हणजे व्यक्तिमत्त्वाचा ‘टाइप’, मिळालेली असतात, त्याखाली शेरलॉक होम्सचं चित्र असतं, आणि या माणसाशी आपलं खरंच काही नातं आहे का, हे त्याला जाणून घ्यायचं असतं. हा प्रश्न आम्हाला मोलाचा वाटतो, म्हणून उत्तरं सविस्तर दिली आहेत. काही कथांचा शेवट यात उघड होतो. ज्यांनी त्या वाचलेल्या नाहीत त्यांनी प्रश्न ४, ६, ७ आणि ११ नंतरसाठी ठेवावेत.

१. माझा टाइप आयएनटीपी आला. म्हणजे मी होम्ससारखा आहे का?

एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. टाइप तुमचा कल सांगतो, कुवत सांगत नाही. उजव्या हाताने लिहिणाऱ्याचं अक्षर सुंदरच असेल असं नाही, तसंच तर्काकडे कल असलेल्या माणसाचा तर्क अचूकच असेल असंही नाही. होम्सकडे कल होताच, पण त्याच्या जोडीला वर्षानुवर्षांचा अभ्यास होता. तंबाखूच्या राखेचे १४० प्रकार ओळखण्यावर त्याने प्रबंध लिहिला होता, आणि अशी मेहनत कुठल्याही अक्षरात बसत नाही. साम्य शोधायचं असेल तर अक्षरांपेक्षा सवयींत शोधा. कसं ते प्रश्न ९ मध्ये आहे.

२. ही चार अक्षरं नेमकं काय सांगतात?

मूळ कल्पना मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांच्या १९२१ सालच्या ग्रंथातली. तिच्यावरून कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इसाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी मायर्स-ब्रिग्ज (एमबीटीआय) ही चाचणी तयार केली. दोघींपैकी कुणीही मानसशास्त्राचं औपचारिक शिक्षण घेतलेलं नव्हतं. चार जोड्या आणि प्रत्येक जोडीतली एक बाजू, असे १६ टाइप होतात.

पहिलं अक्षर ई किंवा आय: मन बाहेरच्या जगाकडे धावतं की आत. दुसरं एस किंवा एन: माहिती घेताना आधी दिसतं-ऐकू येतं ते पकडता, की त्यातून सुचणाऱ्या शक्यता. तिसरं टी किंवा एफ: निर्णय घेताना आधी नियम आणि सुसंगती पाहता, की माणसं आणि मूल्यं. चौथं जे किंवा पी: बाहेरचं आयुष्य आखून ठेवता की मोकळं.

याच्या खोलात गेलं की ‘फंक्शन’, म्हणजे मनाच्या काम करण्याच्या पद्धती, येतात. आयएनटीजेमध्ये एनआय आणि टीई आघाडीवर असतात, आयएनटीपीमध्ये टीआय आणि एनई, आयएसटीपीमध्ये टीआय आणि एसई. टीआय म्हणजे आतल्या आत तपासलेला तर्क, टीई म्हणजे बाहेरच्या जगाला शिस्त लावणारा तर्क. एनई एका गोष्टीतून अनेक शक्यता काढतं, एनआय अनेक धागे एका निष्कर्षाकडे नेतं, आणि एसई समोरचा क्षण इंद्रियांनी टिपतं. प्रश्न ४ समजायला एवढं पुरे.

३. मोबाइलवरची फुकटची चाचणी चालते का?

सुरुवातीला चालते, निर्णयासाठी नाही. मूळ चाचणीत नव्वदच्या आसपास प्रश्न आहेत, ती विकत घ्यावी लागते आणि निकाल प्रशिक्षित माणसाने समजावून द्यायचा असतो. फुकटच्या साइटवर अक्षरं तीच दिसली तरी मोजमाप वेगळं असू शकतं. शेवटी ‘-ए’ किंवा ‘-टी’ असं पाचवं अक्षर लागलेलं दिसलं, तर ती मूळ चाचणी नाही हे नक्की समजा.

चाचणी देताना सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे आपण जसं असायला हवं तसं उत्तर देणं. नुकतीच डिटेक्टिव्हची मालिका पाहून उठलेला माणूस तर हमखास ‘तर्काने निर्णय घेतो’ यावर टिक करतो. म्हणून चाचणी सुट्टीच्या दिवशी सकाळी द्या, ऑफिसच्या ताणात किंवा मालिका पाहिल्यावर लगेच देऊ नका.

४. होम्स नक्की कोणत्या टाइपचा? तीन ठिकाणी तीन उत्तरं मिळाली: आयएनटीजे, आयएनटीपी, आयएसटीपी.

तिन्ही उत्तरांना आधार आहे, म्हणून हा वाद मिटत नाही. आर्थर कॉनन डॉयल यांनी १८८७ ते १९२७ या काळात होम्सच्या ४ कादंबऱ्या आणि ५६ कथा प्रसिद्ध केल्या. चाळीस वर्षांच्या लेखनात हवा तो पुरावा सापडतो. आम्ही फक्त मूळ कथांचा होम्स धरतो आहोत.

आयएनटीजे म्हणणारे सांगतात की तो शेवटपर्यंत बेत कुणाला कळू देत नाही आणि एका निष्कर्षावर ठाम असतो. पण ‘जे’ हे अक्षर बाहेरच्या आयुष्याची शिस्त सांगतं, आणि होम्सची बैठकीची खोली आठवा. तंबाखू पर्शियन चपलेत, सिगार कोळशाच्या बादलीत, उत्तर न दिलेली पत्रं सुरीने मँटलपीसवर टोचलेली. कागदपत्रं फेकवत नाहीत, आणि ती लावायला बसण्याचा उत्साह वर्ष-दोन वर्षांतून एकदा येतो. टीई आघाडीवर असलेल्या माणसाचं घर सहसा असं नसतं. शिवाय त्याला पद नको असतं, संस्था उभारायची नसते, श्रेय पोलिसांना गेलं तरी चालतं. कोडं आतल्या आत सुटणं एवढंच त्याला हवं असतं. हे टीआयचं लक्षण आहे आणि त्यावर आम्ही ठाम आहोत.

खरा प्रश्न त्यापुढचा: एनई की एसई? आयएनटीपीच्या बाजूने ‘कॉपर बीचेस’ची कथा उभी राहते. तिथे तो सांगतो की हाती आलेल्या माहितीला लागू पडतील अशी सात वेगवेगळी स्पष्टीकरणं त्याने तयार केली आहेत. शक्यतांचा असा पंखा उघडणं म्हणजे एनई.

तरीही आमचा कल आयएसटीपीकडे आहे, आणि कारण त्याच्या घरातच मिळतं. सात वर्षांनी मोठा भाऊ मायक्रॉफ्ट. निरीक्षणात आणि तर्कात मायक्रॉफ्ट आपल्यापेक्षा सरस आहे, असं होम्स स्वतः कबूल करतो. पण मायक्रॉफ्ट खुर्चीतून उठत नाही. उत्तर बरोबर आहे का हे तपासायला जाण्याचे कष्ट त्याला नको असतात. धाकटा भाऊ टेप आणि भिंग घेऊन जमिनीवर पालथा पडतो, माती चाचपतो, रसायनांनी हात डागाळून घेतो, मुष्टियुद्ध खेळतो. एकाच घरातले दोन भाऊ, तर्क एकाच जातीचा, पण एकाला शक्यता पुरतात आणि दुसऱ्याला वस्तूला हात लावल्याशिवाय चैन पडत नाही. आयएनटीपी आणि आयएसटीपी यांतला फरक याहून स्पष्ट करणारी जोडी आम्हाला ठाऊक नाही.

तुम्ही आयएनटीपी असाल आणि होम्स वाचताना ‘हा माझ्यासारखा आहे, पण एवढी धावपळ मी करणार नाही’ असं वाटत असेल, तर मायक्रॉफ्टच्या कथा वाचून पाहा.

५. मग मालिकेतला होम्स आयएनटीजे का वाटतो?

कारण तो खरंच वेगळा माणूस आहे. २०१० साली सुरू झालेल्या बीबीसीच्या मालिकेत होम्स स्वतःला सोशिओपॅथ म्हणवतो आणि ‘माइंड पॅलेस’ (गोष्टी मनातल्या ओळखीच्या जागेत ठेवून लक्षात ठेवण्याची युक्ती) वापरतो. मूळ कथांत यातलं काही नाही. तिथे मेंदू म्हणजे माळा: जागा मर्यादित, म्हणून निरुपयोगी सामान चढवायचं नाही, एवढीच कल्पना. म्हणून कुणाशी चर्चा करताना आधी आवृत्ती सांगा, पुस्तक की मालिका. निम्मे वाद इथेच संपतात.

६. ‘डेथ नोट’ या जपानी मालिकेतला डिटेक्टिव्ह एल माझ्यासारखा उकिडवा बसतो आणि रात्री जागतो. आमचा टाइप एकच असेल ना?

बसण्याची पद्धत, अनवाणी पाय, गोडाची आवड, जागरण यांतलं काहीही टाइपचा पुरावा नाही. या लकबी आहेत. नीट बसलो तर आपली तर्कशक्ती चाळीस टक्क्यांनी घटेल असं एल म्हणतो, पण ते त्याच्याबद्दलचं विधान आहे, आयएनटीपींबद्दलचं नाही.

त्याच्या विचारात पाहण्यासारखं बरंच आहे. तो संशय टक्केवारीत मांडतो आणि नवी माहिती आली की आकडा बदलतो. सुरुवातीचं प्रक्षेपण आठवा. साऱ्या जगात दाखवतो आहोत असं सांगून ते प्रत्यक्षात जपानच्या कांतो भागातच दाखवलं जातं, आणि किराने, म्हणजे एल ज्याला शोधतो आहे त्या खुन्याने, प्रतिक्रिया दिली त्यावरून त्याचं ठिकाण कळतं. गृहीतक मांडायचं, ते खोटं ठरू शकेल असा प्रयोग रचायचा, आणि आकडा सुधारायचा. बहुतेक जण त्याला आयएनटीपी म्हणतात आणि आम्हालाही ते पटतं. तुमचं साम्य तपासायचं असेल तर उकिडवं बसणं सोडा आणि एवढंच विचारा: माझं मत चुकीचं ठरवू शकेल अशी कसोटी मी स्वतःहून कधी लावली होती?

७. होम्स काही गुन्हेगारांना सोडून देतो. मग तो एफ नाही का?

हा प्रश्न फार चांगला आहे आणि वरचेवर येतो. निळ्या माणकाच्या कथेत होम्स चोराला जाऊ देतो. ‘अॅबी ग्रेंज’मध्ये आपला मित्र वॉटसनला ज्युरी करून खोलीतच खटला चालवतो आणि आरोपीला मोकळं करतो. वॉटसनला गोळी लागते तेव्हा होम्सचे डोळे भरून येतात आणि ओठ थरथरतात, हे वॉटसनने लिहून ठेवलंय.

टी असणाऱ्याला भावना नसतात, हा समजच चुकीचा आहे. टी आणि एफ हा फरक तराजूत आधी काय घालता याचा आहे. माणकाच्या कथेत होम्स कारणं देतो: हा माणूस पुन्हा चोरी करणार नाही, तुरुंगात पाठवला तर मात्र कायमचा गुन्हेगार होईल, आणि दुसऱ्या आरोपीविरुद्धचा खटलाही आता टिकणार नाही. नाताळच्या दिवसांत क्षमा करावी, हेही तो म्हणतो. पण ते शेवटी येतं, आधी परिणामांचा हिशेब होतो. म्हणून तो टी.

८. मी आयएनएफजे किंवा आयएसएफजे आहे. माझ्यासारखा हुशार डिटेक्टिव्ह कुणीच नाही का?

आहेत, आणि त्यांच्याकडे कमी लक्ष जातं याचं आम्हाला वाईट वाटतं.

अगाथा ख्रिस्तींची मिस मार्पल पाहा. खेड्यात राहणारी, विणकाम करणारी वृद्धा. नवा माणूस भेटला की तिला गावातला कुणीतरी आठवतो, आणि त्या माणसाने तेव्हा काय केलं यावरून ती याचं वागणं ओळखते. साठवलेल्या अनुभवाशी ताडून पाहणं हे आयएसएफजेचं बलस्थान आहे. चेस्टरटन यांचा फादर ब्राउन राखेत किंवा मातीत शिरत नाही, तो गुन्हेगाराच्या मनात शिरतो. हा गुन्हा मी कोणत्या मनःस्थितीत केला असता, तिथपर्यंत स्वतःला नेतो आणि मग नाव सांगतो. ही सहानुभूतीच, फक्त फार शिस्तीची. त्याला आम्ही आयएनएफजे मानतो.

ख्रिस्तींचाच हर्क्यूल प्वारो मधला आहे. वस्तू सरळ रेषेत लावणारा, वेळेचा पक्का, बहुतेकांच्या मते आयएसटीजे. पण भिंग घेऊन रांगण्यापेक्षा लोकांना बोलतं करण्यावर त्याचा भर असतो.

घरात सगळ्यांचे मूड आधी ओळखणारी व्यक्ती तुम्ही असाल, जाऊबाईंचा आवाज जरा बदलला की ज्यांना कळतं त्यांपैकी असाल, तर तुमची डिटेक्टिव्ह मार्पलच आहे.

९. मी एखाद्या डिटेक्टिव्हसारखा आहे का, हे प्रामाणिकपणे कसं तपासू?

आधी पात्राची बाजू, मग स्वतःची. दोन्हींसाठी वही लागेल. मोबाइलवर लिहिलेलं मागे जाऊन सुधारलं जातं, म्हणून वहीच घ्या.

पात्रासाठी किमान पाच प्रसंग निवडा, शक्यतो तीन वेगळ्या कथांतले. प्रत्येकाचं पान किंवा भाग लिहून ठेवा. प्रसंगात पात्राने आधी काय केलं, हे एका वाक्यात लिहा: पाहिलं, विचारलं, अंदाज बांधला, की माणसाची बाजू घेतली. तीन गोष्टी मोजू नका. सोंग (होम्स वेषांतर करून एका मोलकरणीशी लग्न ठरवतो, त्यावरून तो ई ठरत नाही), लकबी (प्रश्न ६), आणि आणीबाणीचे क्षण, कारण संकटात सगळेच वेगळे वागतात.

स्वतःसाठी १४ दिवस, रोज ३ नोंदी, म्हणजे ४२. प्रत्येक नोंदीत तीन रकाने: प्रसंग, मी आधी काय केलं, आणि नंतर पडताळलं का. प्रसंग साधे हवेत. सोसायटीत पाणी आलं नाही. बॉसचा मेल तुटक वाटला. भाजीवाल्याने पाच रुपये जास्त लावले. ४२ पैकी ३० किंवा जास्त नोंदी एका बाजूला झुकल्या तर कल स्पष्ट आहे असं माना. २१-२२ वर अडकलं तर त्या जोडीपुरते तुम्ही मधले आहात, आणि त्यात काही बिघडलेलं नाही (प्रश्न १२).

गडबड होते ती तिसऱ्या रकान्यात. लोक तो रिकामा ठेवतात. पण डिटेक्टिव्हशी खरं साम्य तिथेच दिसतं. अंदाज सगळेच बांधतात, पडताळायला थोडेच जातात.

१०. ठाणे–वाशी लोकलने रोज जातो. तेवढ्या वेळात निरीक्षणाचा सराव करता येईल का?

येईल, आणि ट्रान्स-हार्बरचा हा प्रवास त्यासाठी सोयीचा आहे: साधारण अर्धा तास आणि ठरलेली स्थानकं.

ठाण्याहून गाडी सुटली की ऐरोलीपर्यंत फक्त पाहा, मधे दिघा गाव लागेल. समोरच्या एका प्रवाशाच्या पाच वस्तू टिपा: बॅग, चप्पल-बूट, हातातलं काही, छत्री, पासचं पाकीट. ऐरोली ते घणसोली नजर खिडकीबाहेर ठेवा आणि पाचही आठवून लिहा. घणसोली ते तुर्भे दोन अनुमानं लिहा आणि प्रत्येकाखाली त्याच पुराव्याची तीन वेगळी स्पष्टीकरणं द्या. तो कुठे उतरेल याचा अंदाज मात्र गाडी ठाण्यात उभी असतानाच लिहून ठेवा, नाहीतर खेळ खोटा होतो. माणूस आधीच उतरला तर तेवढ्यावर थांबा.

दोन बंधनं पाळा. माणसाकडे टक लावून पाहू नका, वस्तूंकडे ओझरतं पाहा. समोरच्या स्त्रीला संकोच वाटतोय असं दिसलं तर त्या दिवशी सराव बंद. फोटो कधीही काढू नका आणि कुणाचा पाठलाग करू नका.

दहा फेऱ्यांनंतर हिशेब करा, पण एक तुलना करायला विसरू नका. सकाळच्या गाडीत गळ्यात कंपनीचं आयकार्ड असलेल्या प्रत्येकाबद्दल तुम्ही डोळे मिटून ‘ऐरोली’ म्हणालात, तरी बरेच अंदाज बरोबर येतील, कारण तिथे मोठी ऑफिसं आहेत. तुमचा आकडा या आंधळ्या अंदाजापेक्षा वर असेल तरच निरीक्षणाने काही दिलं असं समजा.

एस कलाच्या लोकांना पहिला टप्पा सोपा जातो, एन कलाच्यांना तिसरा. जो अवघड जाईल त्यावर वेळ घालवा.

११. माझी अनुमानं ऐकून मित्र थक्क होतात, पण निम्मी चुकतात. कुठे चुकतंय?

होम्स ज्याला डिडक्शन म्हणतो ते तर्कशास्त्रात बहुधा वेगळंच असतं: समोरच्या खुणांना सर्वांत चांगलं लागू पडेल असं कारण निवडणं. त्यात चुकीला जागा कायम असते. कथेत लेखक बाकीची कारणं बंद करून ठेवतो. ठाणे स्टेशनवर ती उघडी असतात.

पावसाळ्यात बुटाला लाल माती दिसली. ‘येऊरच्या जंगलात जाऊन आला’ हे अनुमान ऐकायला छान. पण घोडबंदर रोडवर कुठेही खोदकाम चालू असेल तरी माती लागेल, सोसायटीच्या बागेतही लागेल, आणि बूट भावाचेही असू शकतात. म्हणून आधी हे विचारा: या स्टेशनवरच्या शंभर माणसांत येऊरहून आलेले किती असतील आणि खोदकामाजवळून चालत आलेले किती? दुसरा आकडा खूपच मोठा असेल तर छान वाटणारं अनुमान सोडून द्या.

चुकण्याचं दुसरं कारण म्हणजे फक्त बरोबर आलेली अनुमानं लक्षात राहणं. होम्सही चुकतो. ‘यलो फेस’च्या कथेत त्याचा तर्क साफ कोसळतो आणि पुढे कधी आपण फाजील आत्मविश्वासात बोललो तर कानात ‘नॉरबरी’ असं पुटपुट, हे तो स्वतः वॉटसनला सांगून ठेवतो. नॉरबरी म्हणजे जिथे तो चुकला ती जागा. चुकांची यादी ठेवणं ही सवय होम्सकडून उचलायलाच हवी.

१२. सहा महिन्यांत माझा टाइप तीनदा बदलला. आधी एल, मग प्वारो, आता मार्पल. काय धरू?

असं बऱ्याच जणांचं होतं. चाचणी माणसांना दोन डब्यांत टाकते, पण बहुतेक माणसं मधे कुठेतरी असतात. ५२ टक्के टी असलेला माणूस थकलेल्या दिवशी ४९ वर आला की अक्षर बदलतं, माणूस तोच राहतो. मानसशास्त्राच्या संशोधनात म्हणूनच डब्यांऐवजी पट्ट्या वापरणारं पाच घटकांचं प्रारूप जास्त चालतं. निकालात टक्केवारी असेल तर अक्षर बाजूला ठेवून तीच लिहून ठेवा. डिटेक्टिव्हची निवड मात्र प्रश्न ९ च्या वहीवरून करा, चाचणीवरून नाही.

१३. मी आयएनटीजे असल्यामुळे तुटक बोलतो, पण ताईला ते खटकतं. तिला कसं समजावू?

ताईला समजावू नका, बोलण्याची पद्धत बदला. टाइप ही सबब नाही. होम्स अशिलाशी पहिल्या भेटीत बहुधा सौम्य असतो. घाबरून थरथरत आलेल्या स्त्रीला तो शेकोटीजवळ बसवतो, गरम कॉफी मागवतो आणि मग प्रश्न विचारतो. घाबरलेला माणूस नीट माहिती देत नाही, हे त्याला ठाऊक आहे. ताईचं बोलणं पूर्ण ऐका, तिने काय सांगितलं ते आपल्या शब्दांत एकदा म्हणा, आणि मगच चूक दाखवा.

१४. प्रत्येक होम्सला वॉटसन लागतो म्हणतात. माझा वॉटसन कोणत्या टाइपचा असावा?

टाइप जुळवून मित्र निवडू नका. वॉटसनला बहुतेक जण आयएसएफजे मानतात, पण त्याचं काम टाइपमुळे होत नव्हतं. तो डॉक्टर होता, अफगाणिस्तानच्या युद्धातून परतला होता, न कळलेलं निःसंकोच विचारत होता आणि सगळं लिहून ठेवत होता. होम्सने स्वतः लिहिलेल्या कथा दोनच आहेत, आणि त्यांपैकी एकीत तो मान्य करतो की वाचकाला रस वाटेल असं लिहिणं आपल्याला वाटलं तितकं सोपं नाही.

आठवड्यातून एकदा एखाद्याला तुमचा तर्क पायरी-पायरीने सांगा आणि ‘हे कशावरून?’ असं विचारण्याचा हक्क त्याला द्या. अशी व्यक्ती मिळाली तर तिचा टाइप विचारू नका.

१५. माझा मुलगा १३ वर्षांचा आहे. ‘मी एलसारखा आहे’ म्हणत खोलीत बसून राहतो. काळजी करू का?

पात्रावर प्रेम असणं काळजीचं नाही. त्याच्यासोबत बसून एक भाग पाहा आणि एलने अमुक का केलं हे विचारा. मुलं पात्राआडून स्वतःबद्दल बरंच बोलतात. मूळ टाइप चाचणी १४ वर्षांखालच्या मुलांसाठी नाही, त्यामुळे त्याच्या चार अक्षरांना अर्थ देऊ नका.

मात्र झोप बिघडली, जेवण तुटलं, शाळा बुडू लागली, आधी आवडणारे मित्र नकोसे झाले आणि हे दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, तर त्याचा डिटेक्टिव्हशी संबंध जोडत बसू नका. बालरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे, तो चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं. मुलगा जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल बोलला तर दोन आठवडे थांबू नका, त्याच दिवशी मदत घ्या आणि त्याला एकटं सोडू नका.

१६. होम्सला ऑटिझम होता का? मला आहे आणि मला तो जवळचा वाटतो.

जवळचा वाटतो ते खरं आहे आणि त्याला कुणाच्या परवानगीची गरज नाही. बारकाव्यांवरची पकड, एकाच विषयात बुडून जाणं, गर्दीपेक्षा एकच मित्र हवा असणं, यांत अनेक ऑटिस्टिक वाचकांना स्वतःची ओळख पटते. पण लेखकाच्या मनात हे निदान असणं शक्य नव्हतं. कॉनन डॉयल १९३० मध्ये वारले आणि लिओ कॅनर यांनी ऑटिझमचं वर्णन केलं ते १९४३ मध्ये. टाइप आणि निदान या वेगळ्या गोष्टी आहेत: आयएनटीपी असणं म्हणजे ऑटिझम नव्हे, आणि ऑटिस्टिक व्यक्ती १६ पैकी कुठल्याही टाइपची असू शकते. ‘सोशिओपॅथ’ हा शब्द स्वतःला किंवा मित्रांना चिकटवू नका. तो निदानाच्या पुस्तकातला शब्द नाही.

१७. माइंड पॅलेस फक्त एन टाइपला जमतो का?

नाही, कुणालाही जमतो. युक्ती प्राचीन ग्रीक-रोमन वक्त्यांच्या काळापासूनची आहे. महाल कल्पनेतला नको, पायाखालचा रस्ता घ्या: गडकरी रंगायतन, तलावपाळीचा कट्टा, जांभळी नाका, कौपिनेश्वर, स्टेशन. मधल्या खुणा धरून दहा थांबे करा. प्रत्येक थांब्यावर एकच गोष्ट ठेवा आणि ती विचित्र करून ठेवा. तासाभराने, दुसऱ्या दिवशी आणि आठवड्याने मनात तो रस्ता चाला. दोन थांबे सारखे दिसणारे निवडले की घोटाळा होतो, म्हणून एकाला लागून एक दोन दुकानं नकोत.

१८. आपल्याकडचे डिटेक्टिव्ह कोणत्या टाइपचे?

बाबुराव अर्नाळकरांचा झुंजार धाडसाचा माणूस आहे, त्याच्यात ई आणि एस ठळक आहेत. त्यांचा धनंजय होम्सच्या वळणाचा. दूरदर्शनमुळे मराठी घरांत पोचलेला व्योमकेश बक्षी स्वतःला डिटेक्टिव्ह म्हणवून घेत नाही, सत्यान्वेषी म्हणवतो. तो लग्न करतो, संसार करतो, मित्र अजितसोबत एकाच घरात राहतो. बुद्धिमान म्हणजे एकलकोंडा, हे समीकरण त्याला लागू होत नाही. आम्ही त्याला आयएनटीजे मानतो. सत्यजित राय यांचा फेलूदा होम्सला गुरू मानतो, पण सोबतच्या मुलाला धीराने शिकवतो. त्याचं शेवटचं अक्षर जे, याबद्दल आम्हाला शंका नाही. बाकीच्या तीन अक्षरांवर वाद घालायला भरपूर जागा आहे.

१९. वाचायला सुरुवात कुठून करू?

होम्सच्या बाबतीत कादंबऱ्यांऐवजी कथांपासून. बोहेमियाची कथा (१८९१) निरीक्षणासाठी: जिन्याच्या सतरा पायऱ्या वॉटसनने शेकडो वेळा चढूनही मोजलेल्या नसतात, ती हीच. मग मायक्रॉफ्ट पहिल्यांदा भेटतो ती ग्रीक दुभाष्याची कथा, आणि तिसरी ‘यलो फेस’. या तीन कथांतून प्रश्न ९ चे पाच प्रसंग सहज निघतात. मराठीत वाचायचं असेल तर भालबा केळकरांचे अनुवाद शोधा. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून चालू आहे, तिथे चौकशी करा. जाताना कथांची नावं कागदावर लिहून न्या, कारण अनुवादात ती बदललेली असतात, आणि नाव सापडलं नाही तर कथेत काय घडतं ते सांगा.